पखवाजाची कणीक

भाकऱ्या निम्म्याच झाल्या होत्या. परातीत एक थापून पसरलेली, तवा तापून धूर सोडत होता, आणि भिंतीपलीकडून नीलाक्काची हाक आली, "मंजुषा, ए मंजुषा! ते सोड अन् हिकडं ये आधी."

आमच्या दोघींच्या परसात एकच भिंत, कमरेएवढी. पिठाचे हात तसेच घेऊन मी गेले. नीलाक्का भिंतीवर दोन्ही तळहात टेकून उभी. कपाळावर भस्माचे पट्टे ओले होते, म्हणजे पूजा नुकतीच उरकलेली. चेहरा मात्र पूजेवरून उठलेल्या माणसाचा नव्हता.

"मुखेडहून दादाचा फोन आलता," ती म्हणाली. "चौथ्या श्रावण सोमवारी तिथल्या मठात आपल्या मंडळाचं भजन ठेवलंय. अन् समद्या भावकीला सांगून बसलाय, माझी बहीण पेटी वाजवती म्हणून."

"त्यांना पेटीचं कुणी सांगितलं?"

"मीच की. पंचमीला गेल्ते तवा बोलता बोलता बोलून गेले." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तू खरं सांग. बरी वाजवती का न्हाई मी?"

गळ्यात इष्टलिंग, कपाळाला भस्म, अशा सकाळी खोटं बोलवत नाही. आणि खरं बोलायचं तर समोर नीलाक्का. मी म्हणाले, "अक्का, तवा जळायलाय माझा," आणि आत पळाले.

मागून आवाज आला, "कळलं गं मला."

नीलाक्का म्हणजे नीलाबाई. उदगीरला आमच्या शेजारी तिचं घर. पुढच्या बाजूला तिचे यजमान चंद्रप्पा यांचं किराणा दुकान, मागे संसार. अंगापिंडाने थोराड, आणि हात तर असे की बांगडीवाला तिच्यासाठी मोठ्या मापाच्या बांगड्या वेगळ्या बांधून ठेवतो. मी लग्न होऊन आले तेव्हा माझी भाकरी परातीतच फाटायची. सासूबाई काही बोलायच्या नाहीत, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. तेव्हा नीलाक्काने मला भिंतीपलीकडूनच शिकवलं. "बघू नको हिकडं," म्हणायची. "माझी थाप ऐक अन् तिच्याबरोबर थाप." सकाळी तिच्याकडून थप थप थप असा आवाज यायचा, ना घाई ना आळस, आणि मी त्यावर माझा हात टाकायची. आठवड्याभरात भाकरी फाटायची थांबली. अजूनही तिचा आवाज आला नाही तर माझी पहिली भाकरी जाड होते.

पण नीलाक्काचा जीव होता पेटीत. लहानपणी मुखेडच्या मठात एक म्हातारे स्वामी पेटी वाजवायचे. त्यांचा हात थकला की ते हिला शेजारी बसवून भाता मारायला लावायचे. हवा हिची, सूर स्वामींचा. "तवाच ठरवलं," ती सांगते, "एक दिवस दोन्ही हात माझे असतील." लेकरांची लग्नं झाली, मग तिने पेटी घेतली. चांगली, शिसवी रंगाची, काचेच्या झाकणाची. आमच्या महिला भजनी मंडळाची जुनी पेटी भात्यातून हवा सोडते, तिच्यापुढे ही म्हणजे नवरीच.

वाजवायला बसली की तिचं एक बोट दोन पट्ट्यांवर पडायचं. काळ्या पट्टीवर ठेवलं तर घसरून पांढरीवर यायचं. चंद्रप्पा दुकानातून ओरडायचे, "अगं, गिऱ्हाईक विचारायलंय, आत कुणाला दम्याचा त्रास हाय का म्हणून!"

"त्यांना म्हणावं साखर घ्या अन् वाटेला लागा!" ही आतून.

ती पेटी हवेसाठी, सुरासाठी, पट्टीसाठी सारखी मोहियोद्दीनभाईंकडे जायची. त्यांचं बाजारात वाद्यं दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. दरवेळी ते पेटी उघडून बघायचे आणि म्हणायचे, "अक्का, हिला कायबी झालेलं न्हाई." एकदा धीर करून म्हणाले, "खफा होऊ नका, पण तुम्ही टाळ घेऊन बघा." तिने टाळ घेतले. चार दिवस सगळं मंडळ तिच्यामागे फरफटलं, मग तिच्या जोरापुढे टाळाची दोरी तुटली आणि एक टाळ घरंगळत देव्हाऱ्याखाली गेला. मग भाईंनी एकतारी सुचवली. एकतारीची तार दुसऱ्याच दिवशी तुटली. त्यानंतर भाईंनी कानाला हात लावला. "अक्का, तुमच्या बाबतीत माझा अंदाज फेल हाय. आता मी काय सांगणार न्हाई."

मग ती परत पेटीकडेच आली. मंडळात मात्र तिच्याकडे एकच काम पक्कं होतं. पखवाजाची कणीक मळायची. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. पखवाजाच्या डाव्या तोंडाला भजनाआधी गव्हाच्या ओल्या कणकेचा गोळा लावतात, तेव्हा कुठे त्यातून भरदार, घुमणारा आवाज निघतो. भजन झालं की खरवडून टाकायची, पुढच्या वेळी ताजी लावायची. आमच्यात पखवाज वाजवणारी कुणी बाई नव्हती, म्हणून मठातला श्रीशैल आपला पखवाज घेऊन यायचा. कापड दुकानात कामाला आहे, पांढरी पॅन्ट घालतो, आणि तिला डाग पडलेला त्याला सहन होत नाही.

फोन आला त्याच मंगळवारी आम्ही सगळ्या सिद्धम्मांकडे जमलो. सिद्धम्मा आमच्या मंडळाच्या प्रमुख. वयाने मोठ्या, गळा गोड, जीभ तिखट. पेटीही त्याच वाजवतात. नीलाक्काने मुखेडचं निमंत्रण सांगितलं. सगळ्यांना आनंद झाला. मग तिने आपल्या पेटीवरचं फडकं काढलं आणि म्हणाली, "अम्मा, तिथं एक भजन मी वाजवते. एकच."

"वाजव बघू."

तिने वाजवलं. भजन संपायच्या आधीच दोघी जणी पदराआड गेल्या होत्या.

सिद्धम्मा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नीला, तिथं देव बी हाय अन् माणसं बी हायेत. देव सांभाळून घेईल. मुखेडला पेटी मी धरते. तू मागं बस अन् टाळ्या धर."

नीलाक्काने पेटीचा भाता लावला, फडकं घातलं आणि उठली. "कणीक मळून आणते," एवढंच बोलून स्वयंपाकघरात गेली. तिचा चेहरा मला दिसला होता. माहेरच्या माणसांसमोर मागे बसून टाळ्या वाजवायच्या, आणि भावाने आधीच सगळ्यांना सांगितलेलं! श्रीशैलनेही तेव्हाच सांगून टाकलं की चौथ्या सोमवारी इथल्या मठाची पालखी आहे, मी काही मुखेडला येऊ शकणार नाही. म्हणजे पखवाजही नाही. सिद्धम्मा म्हणाल्या, "शिवा शिवा, नुसत्या टाळावर करू."

नीलाक्का कणीक घेऊन आली, पखवाजाच्या डाव्या तोंडावर नीट लावली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. श्रीशैलने सुरुवात केली. दुसऱ्या कडव्याला आवाज खरखरला. तिसऱ्याला तो गोळा भेगाळला, सुटला आणि थेट त्याच्या पांढऱ्या पॅन्टवर पडला.

त्याने चिमटीत धरून बघितलं. "अक्का! ही ज्वारी हाय! पखवाजाला भाकरी चारायलाव का?"

सगळं घर हसलं. सिद्धम्माही हसल्या या वेळी. आमच्या घरांत परातीशेजारी जो डबा असतो तो ज्वारीचाच. दुखावल्या मनाने हात सवयीने गेला, कढत पाणी घातलं आणि मळलं. ज्वारीला चिकटणं ठाऊक नाही. तव्यावर तेवढी ती गुणाची.

श्रीशैल चिडून पॅन्ट धुवायला मागे न्हाणीत गेला. सिद्धम्मा चहा बघायला उठल्या. नीलाक्काने ओल्या फडक्याने पखवाज पुसला, गव्हाचं पीठ शोधून आणलं, मळलं आणि लावलं. मग कणीक नीट बसली का बघायला डाव्या तळहाताने एक थाप मारली.

आवाज बरा होता. तिला बरा वाटला नाही. बोटाने थोडी कणीक काढली, काठाला सारखी केली, परत थाप मारली. परत थोडी लावली. भाकरीला कड जाड राहिली की ती जशी हात फिरवते, तसाच हात. तिसऱ्या थापेला असा आवाज आला की माझ्या मांडीखालची सतरंजी थरथरली. ती थांबली. परत मारली. मग उजवा हात आपोआप दुसऱ्या तोंडावर गेला. थप थप थप. ना घाई ना आळस.

तो आवाज मला ओळखीचा होता. वीस-बावीस वर्षं मी त्यावर भाकरी थापली आहे.

आत सिद्धम्मांना वाटलं श्रीशैल आला. चहा गाळता गाळता त्यांनी भजन धरलं, बाहेरच्या बायकांनी उचललं, आणि नीलाक्का खाली मान घालून वाजवत राहिली. साधा ठेका, कुठे नक्षी नाही, पण एकदाही पुढे पळाली नाही की मागे राहिली नाही. जी बाई टाळ घेऊन सगळ्यांना फरफटत न्यायची, ती आता आम्हाला धरून चालवत होती. सिद्धम्मा गात गात ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"अगं, ही?"

नीलाक्काने चटकन हात उचलले. "चुकलं अम्मा. कणीक बघायलते."

तेवढ्यात श्रीशैल ओली पॅन्ट झटकत आला. "वाजवा की! थांबलाव कशाला? मी तिथं आतनं ऐकायलतो. मला वाटलं मोबाईलवर लावलंय."

खरं तर तिथेच ठरायला हवं होतं. पण सिद्धम्मांनी ट्रे खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ते काय बी असू दे. नीला, कातडं हाय ते. डाव्या तळहातावर आपण लिंग ठेवतो. त्याच हातानं कातडं बडवायचं?"

मलाही क्षणभर बरोबर वाटलं. रोज सकाळी त्याच तळहातावर लिंग घेऊन मी बसते.

नीलाक्का शांतपणे म्हणाली, "अम्मा, श्रीशैलच्या गळ्यात बी लिंगच हाय की. तो बी डाव्या हातावरच ठेवतो."

"तो पुरुष हाय."

"मग लिंग बाईचं येगळं अन् पुरुषाचं येगळं अस्तंय का? मला दीक्षा दिली तवा तसं काय सांगितलं न्हाई कुणी."

श्रीशैलने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हलत होते. सिद्धम्मांनी एक कप उचलून नीलाक्कापुढे ठेवला. "हात धू, चहा घे. अन् उद्यापासनं रोज ये. ठेका जमला म्हणजे झालं न्हाई, उठाव यायला पाहिजे, कडवं संपलं की भजन वर चढवणारा."

दुसऱ्या दिवशी मला वाटलं नीलाक्का खुशीत असेल. भिंतीशी गेले तर तुळशीला पाणी घालत होती, घालतच होती, कुंडी भरून वाहायला लागली तरी.

"काय झालं, अक्का?"

"काय न्हाई गं. पेटीच पाहिजे होती मला." पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पखवाज आला हाताला ते चांगलंच हाय. पण मी त्याला कवा मागितलं न्हाई. साठीला आलेली बाई, अन् माहेरी जाऊन धबाधबा वाजवत बसणार. दादा काय म्हणंल? पेटी सांगितलं अन् हे काय आणलं?"

माझ्या मनात एवढंच आलं की मागितलेलं देणारा महादेव आणि न मागितलेलं देणाराही तोच. ते मी बोलले नाही, तिला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी म्हटलं, "आज भाकरी थापली न्हाईस तू. माझी जाड झाली." तेव्हा हसली.

मग सुरू झालं. श्रीशैल दुकानातून सुटला की अर्धा तास सिद्धम्मांकडे यायचा. त्याच्या तोंडच्या बोलांना ती कंटाळायची. "ते तुझं धा अन् ता तुझ्यापाशी ठेव. नुसतं वाजवून दाखव, मी ऐकते." ऐकायची आणि उचलायची. दुपारी घरी चंद्रप्पांच्या दुकानातल्या रिकाम्या तेलाच्या डब्यावर हात चालायचा. चंद्रप्पा आता म्हणायचे, "पेटी बरी होती गं. निदान गिऱ्हाईकाचं ऐकू तरी यायचं."

मंडळाकडे एक जुना पखवाज होता, कातडी वाद्या सैल पडलेला. तो घेऊन आम्ही दोघी मोहियोद्दीनभाईंकडे गेलो. त्यांनी तो बघितला, मग तिच्याकडे बघितलं. "ह्ये कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

भाईंनी कानाला हात लावला. "मी काय बोलत न्हाई."

वाद्या ओढून झाल्या. ते हातोडीने उजव्या तोंडाचा काठ ठोकत होते आणि तिला थाप मारून बघायला सांगत होते. ती मारत गेली. हळूहळू त्यांचं ठोकणं थांबलं आणि तिचं चालू राहिलं. समोरच्या टेलरने मशीन थांबवून मान बाहेर काढली. भाई म्हणाले, "अक्का, एक काम करा. ती पेटी आता माझ्याकडं आणू नका. हिला कायबी झालेलं न्हाई, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय."

चौथ्या सोमवारी सकाळी आम्ही एसटीने मुखेडला निघालो. नीलाक्काच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला पखवाज. कंडक्टर म्हणाला, "मावशी, लेकराचं हाफ तिकीट काढायचं का?" नीलाक्का म्हणाली, "अजून पाच वर्षांचं न्हाई झालं." सगळी बस हसली. पण खिडकीकडे तोंड केल्यावर तिचे ओठ हलत होते. ॐ नमः शिवाय. माझेही हलत होते.

सिद्धम्मांच्या मांडीवर नीलाक्काची पेटी होती. ती तिनेच दिली. "मंडळाची पेटी हवा सोडती. माझी चांगली हाय. तुमचा हात, माझी पेटी. मुखेडला पेटी जाईलच की माझी."

मठ भरलेला होता. तिचे दादा आप्पासाहेब, डोक्याला फेटा, गळ्यात उपरणं, माईक हातात घेऊनच बसलेले. आम्हाला नीट बसूही दिलं नाही. "आता आपल्या गावची लेक, माझी धाकटी बहीण नीला, पेटीवर साथ करील!"

सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या. तिथे सिद्धम्मा. पुढच्या रांगेतला एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "आप्पासाहेब, तुमची बहीण तर तिकडं मृदंगामागं बसली की. जागा चुकली का?"

हशा पिकला. आप्पासाहेबांनी माईक खाली घेतला. नीलाक्काचे कान लाल झाले. तिने मान वर केली नाही. डावा तळहात क्षणभर छातीशी, लिंगाच्या जागी टेकवला, आणि थाप मारली.

पहिल्या भजनाला तिचा उजवा हात घाबरत होता, हे मला कळलं. उठाव घ्यायचा तिथे घेतला नाही. पण डावा हात हलला नाही. सिद्धम्मांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि लय थोडी उतरवून तिच्या हाताशी आणून ठेवली. पखवाजाच्या मागून पेटी चालली. दुसऱ्या भजनाला मठ टाळ्या द्यायला लागला, आणि उठाव आला, सगळ्यांना उठवून बसवणारा.

तिसऱ्या भजनात गर्दीची उष्णता, वर पंखा, कणीक वाळायला लागली. आवाज चढला. नीलाक्काने मला खूण केली, पण पाण्याचा तांब्या आमच्यापासून लांब, देवाजवळ. उठावं तर भजन मोडणार. तेवढ्यात आप्पासाहेब उठले. फेटा सावरत गेले, तांब्या घेऊन आले आणि बहिणीच्या डाव्या बाजूला मांडी घालून बसले. तिने वाजवता वाजवता दोन बोटं तांब्यात बुडवली, कणकेवर फिरवली, अंगठ्याने काठ दाबला. ठेका सुटला नाही. आवाज परत खाली आला, मठाच्या फरशीतून पायांत.

आप्पासाहेब तिथून परत जागेवर गेले नाहीत. आरतीपर्यंत बहिणीशेजारी तांब्या धरून बसले. तिचे डोळे भरून आले होते, पण दोन्ही हात गुंतलेले, पुसायचे कसे? शेवटी त्यांनीच उपरण्याच्या टोकाने पुसले.

प्रसादाला बसल्यावर ते म्हणाले, "पेटी पेटी म्हणून सांगितलीस ती कुठाय गं?"

"ती काय, सिद्धम्मांपुढं. माझीच हाय." नीलाक्का जेवता जेवता म्हणाली. "अन् मी हितं."

"मग आधी का न्हाई सांगितलंस?"

"मलाच कुठं ठाव होतं, दादा?"

आज मंगळवार आहे. दुपारी मंडळ सिद्धम्मांकडे जमायचंय. पुढच्या महिन्यात बिलोलीहूनही बोलावणं आलंय, आणि या वेळी ज्यांनी बोलावलं त्यांनी पखवाजवाल्या बाईंना घेऊन या असंच सांगितलंय. सकाळी भिंतीपलीकडून थप थप आली तेव्हा माझी पहिली भाकरी पातळ झाली. मग तो आवाज मध्येच थांबला आणि तिची हाक ऐकू आली, "मंजुषा, तुझ्याकडं गव्हाचं पीठ हाय का वाटीभर?"

माझ्याकडेही संपलं होतं.

चंद्रप्पांनी पोत्यातून गहू काढून दिले. "दुकान माझं अन् गहू पखवाजाला," असं म्हणत, पण डबा काठोकाठ भरून. नीलाक्काने तो डबा कमरेवर घेतला आणि गिरणीवर दळून आणायला गेली.